प्रिंट निघायला उशीर का होतो: सेवा केंद्रांतल्या जुन्या विंडोजची पार्श्वभूमी

जून लागला की यवतमाळ-वाशीमकडच्या सेवा केंद्रांवर पीककर्जासाठी सातबारा, प्रवेशासाठी उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला अशी एकच गर्दी उसळते. संगणक दोन-तीन, प्रिंटर मात्र एकच; तोही एका संगणकाला यूएसबीने जोडून बाकीच्यांना शेअर केलेला. प्रिंट मारली की मिनिटभर काहीच हलत नाही, आणि बोल प्रिंटरला लागतो. माझ्या मते तो बऱ्याचदा निर्दोष असतो.

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आली. नेटवर्कवरचे प्रिंटर ती स्वतःहून शोधून यादीत टाकायची. प्रिंटर जोडलेला संगणक लोडशेडिंगमध्ये बंद पडला, तरी यादीतलं नाव राहायचं. मग प्रिंटची खिडकी उघडली की विंडोज त्या बंद संगणकाच्या उत्तराची वाट बघत बसायची. यादीतली मेलेली नावं काढली की निम्मं काम होतं, हे आजही खरं आहे.

मराठीचा वेगळाच भार. डॉट मॅट्रिक्समध्ये इंग्रजी अक्षरं आतच असतात, नुसता संकेत पुरतो. देवनागरी मात्र ठिपक्या-ठिपक्यांचं चित्र होऊन जाते. एचपी १०२० सारख्या स्वस्त लेझरमध्ये तर इंग्रजी असो वा मराठी, अख्ख्या पानाचं चित्र संगणकालाच करावं लागतं. रॅम कमी असली की तिथेच गाडी अडते.

नेटवर्कच्या, म्हणजे संगणकाला न जोडता थेट राउटरला जोडलेल्या प्रिंटरची गोष्ट निराळी. वीज जाऊन आली की राउटर कधीकधी त्याला नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देतो, विंडोज जुन्याच पत्त्यावर हाका मारते. म्हणून आयपी कायमचा बांधून विंडोजमध्ये त्याच पत्त्याचा टीसीपी/आयपी पोर्ट (प्रिंट पाठवायची वाट) करावा. प्रिंटर चालू असूनही ‘ऑफलाइन’ दिसत असेल, तर पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपीची (प्रिंटरची स्थिती विचारायच्या पद्धतीची) खूण काढून बघावी.

संगणकातल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्यात एसएमबी१ ची, म्हणजे फायली-प्रिंटर शेअर करायच्या विंडोजच्या जुन्या पद्धतीची, भोकं जगासमोर आली. त्याच वर्षाअखेरीपासून नव्या विंडोज १० मध्ये ते मुळातच बसवलेलं नसतं. एक्सपीला तर तेवढंच येतं, म्हणून जुन्या-नव्या संगणकांत प्रिंटर शेअर करताना अडतं. पुढे २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट सेवेतलं प्रिंटनाइटमेअर नावाचं भोक निघालं, आणि त्यानंतरच्या अपडेटांनी शेअर केलेल्या प्रिंटरवर ०x०००००११बी ही चूक दाखवायला सुरुवात केली. अनेकांनी अपडेटच काढून टाकले. लोकांचे आधार क्रमांक हाताळणाऱ्या संगणकावर हे करू नये. नेटवर्कचा प्रिंटर घेऊन प्रत्येक संगणकावरून थेट जोडावा, म्हणजे शेअरिंगची गरजच उरत नाही.