आडवं पडून सगळं नॉर्मल, उभं राहिलं की अंधारी

ईसीजी आडवं पडून काढतात. टूडी एको डाव्या कुशीवर झोपवून करतात. एमआरआयच्या नळीत तर हलायचीही मनाई. ब्लड प्रेशर खुर्चीत बसवून मोजतात. आणि पेशंटची तक्रार काय, तर ‘उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडतं, हातपाय गळून जातात.’ त्रास ज्या स्थितीत होतो ती एक सोडून बाकी सगळ्या स्थितींत तपासण्या झालेल्या असतात. रिपोर्ट नॉर्मल येतात ते त्यामुळेच.

अशा रिपोर्टांची जाडजूड फाइल घेऊन पुण्यात हिंडणारी माणसं कमी नाहीत. फॅमिली डॉक्टर, मग हृदयरोगतज्ज्ञ, मग पोटाचे डॉक्टर, मग चक्कर येते म्हणून कानाचे. त्यात तरुण मुली आणि बायका बऱ्याच. शेवटी कुणीतरी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवतं, आणि घरचेही तेच म्हणू लागतात. हा लेख अशा लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

आपण उठून उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीच्या भागातून खाली पोटात आणि पायांत उतरतं. मेंदूला पुरवठा कमी पडायला हवा, पण निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. मानेतल्या मोठ्या रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत रक्तदाबाची नोंद ठेवणारे चेतातंतू असतात. दाब किंचित उतरला की ते मेंदूच्या बुंध्याला खबर देतात. तिथून निघालेल्या आज्ञेने पायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि नाडी मिनिटाला १०-२० ठोक्यांनी वाढते. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. हे काम आहे स्वायत्त मज्जासंस्थेचं, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय आपोआप चालणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याचं. घाम, आतड्यांची हालचाल, लघवी, डोळ्याची बाहुली, शरीराचं तापमान, तोंडातली लाळ हेही तिच्याकडेच.

तिच्या कामात बिघाड झाला, तर चक्कर येणाऱ्या माणसाचं पोटही फुगतं, बद्धकोष्ठ होतं, उकाडा सोसत नाही, घाम फार येतो किंवा येतच नाही. बिघाड एकाच संस्थेचा, पण तक्रारी पाच तज्ज्ञांच्या दारात वाटल्या जातात. प्रत्येक जण आपापला अवयव तपासतो आणि तो ठीक आहे असं सांगतो. खरंही असतं ते.

हा गुंता सोडवायची पहिली चाचणी फार स्वस्त आहे. तिला बीपीचं मशीन, घड्याळ, एक पलंग आणि वीसेक मिनिटं लागतात. पाच-दहा मिनिटं शांत आडवं पडून रक्तदाब आणि नाडी मोजायची. मग उभं राहून, न चालता, न बोलता, पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा मोजायची. घरी करायची तर शेजारी कुणीतरी हवं, आणि फार गरगरायला लागलं की लगेच बसायचं किंवा आडवं व्हायचं. पडून डोकं फुटण्यापेक्षा चाचणी अर्धवट राहिलेली बरी.

तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. दाब असा पडत नाही, पण नाडी दहा मिनिटांत किमान ३० ठोक्यांनी वाढते (१२ ते १९ वयात किमान ४०) आणि वाढलेलीच राहते, शिवाय त्रास तीन महिन्यांपेक्षा जुना आहे आणि त्याला दुसरं कारण सापडत नाही, तर ‘पॉट्स’चा (पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याचा आजार) विचार होतो. हे नाव १९९३ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी रूढ केलं. आजार मात्र नवा नसावा. १८७१ मध्ये डा कोस्टा या डॉक्टरांनी अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये धडधड, दम लागणं, थकवा अशा तक्रारींचं वर्णन केलं होतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,८३५ पॉट्स रुग्णांच्या सर्वेक्षणात ९४ टक्के स्त्रिया होत्या. बाईची धडधड ‘मनाची’ ठरवायची घाई किती सहज होते, हे आपण घराघरांत पाहतो. चिंता आणि पॉट्स एकाच माणसात असूही शकतात. पण आडवं पडताच उतरणारी आणि उभं राहताच चढणारी नाडी दिसली, तर केवळ चिंतेवर बोट ठेवून थांबणं मला चूक वाटतं.

वयस्कर माणसांत आणखी एक आकडा बघण्यासारखा असतो. दाब पडला की नाडीने धावून यायला हवं. दाब २० ने उतरला आणि नाडी जेमतेम पाच ठोक्यांनी वाढली, तर दोष मज्जातंतूंत असण्याची शक्यता वाढते. मधुमेह हे त्याचं नेहमीचं कारण. पार्किन्सनमध्येही असं होतं. वास कमी येणं, झोपेत हातपाय झाडणं, जुनाट बद्धकोष्ठ या गोष्टी त्याआधी कित्येक वर्षं चालू असू शकतात, म्हणून त्या डॉक्टरांना सांगाव्यात. कुणी विचारलं नाही तरी सांगाव्यात.

मोठ्या नावांकडे जाण्याआधी साधी कारणं मात्र तपासलीच पाहिजेत. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि बी१२. शाकाहारी घरांमध्ये बी१२ची कमतरता भरपूर आढळते, आणि ती मज्जातंतूंनाही इजा करते. प्रोस्टेटच्या आणि बीपीच्या काही गोळ्या, अॅमिट्रिप्टिलीनसारखी नैराश्यावर किंवा जुनाट दुखण्यावर दिली जाणारी औषधं उभं राहिल्यावर दाब पाडतात. एप्रिल-मे महिन्यातला पुण्याचा उन्हाळा, त्यात उपवास आणि कमी पाणी एवढ्यानेही चक्कर येते. औषधांची पूर्ण यादी, आयुर्वेदिकसकट, सोबत न्यावी. गोळी मनाने बंद करू नये.

त्रास कधी सुरू झाला हेही महत्त्वाचं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकिटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत गुलियन-बारे सिंड्रोमची साथ आली. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा जिवाणू सापडला. या आजारात अशा संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. पायांतली ताकद गेली हे सगळ्यांना दिसलं, पण स्वायत्त तंतूही त्या हल्ल्यात सापडतात आणि रक्तदाब, नाडी हेलकावे खातात. कोविडनंतरही पॉट्ससारखा त्रास सुरू झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. म्हणून तापानंतर, जुलाबांनंतर, बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर त्रास सुरू झाला असेल, तर तो महिना आठवून लिहून ठेवावा.

पुढच्या तपासण्यांसाठी मज्जाविकारतज्ज्ञ (न्यूरॉलॉजिस्ट) किंवा हृदयाच्या ठोक्यांच्या विकारांचे तज्ज्ञ गाठावेत. टिल्ट टेबल टेस्टमध्ये पट्ट्यांनी बांधून टेबल ६०-७० अंशांत उभं करतात आणि दाब-नाडी सतत नोंदवतात. ही सोय शहरातल्या काही मोठ्या रुग्णालयांत आहे. अपॉइंटमेंट घेतानाच ‘टिल्ट टेस्ट होते का’ असं विचारावं, हेलपाटा वाचतो. एडिंबराच्या ईविंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचण्यांना तर ईसीजी आणि बीपीचं मशीन पुरतं. मिनिटाला सहा खोल श्वास घ्यायला लावून नाडी किती खालीवर होते, हे त्यांत बघतात.

व्यायाम करताना किंवा आडवं असताना शुद्ध हरपली, छातीत दुखलं, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल, तर हृदय आधी आणि ताबडतोब तपासून घ्यावं.

डॉक्टरांकडे जाताना मोबाईलमधले चाळीस फोटो दाखवू नयेत. एका कागदावर आडवं-उभं मोजलेले आकडे वेळेसकट, त्रास सुरू झाल्याची तारीख, औषधं आणि घाम-पोट-लघवीच्या तक्रारी लिहून न्याव्यात. ओपीडीच्या पाच मिनिटांत तेवढंच वाचून होतं. मीठ आणि पाणी वाढवणं, पायात घट्ट मोजे घालणं, बसून-पडून सुरू केलेला व्यायाम, काही औषधं असे उपाय आहेत. पण ज्याला झोपल्यावर बीपी वाढण्याचा किंवा हृदयाचा, किडनीचा त्रास आहे, त्याने यूट्यूबवर पाहून मीठ वाढवणं धोक्याचं ठरतं. पॉट्समध्ये नाडीची वाढ सकाळी जास्त दिसते आणि दुपारी कमी. दुपारच्या ओपीडीत आकडे ठीक आले, पण त्रास तसाच असेल, तर चाचणी सकाळी पुन्हा करून मागावी.