पॉली पॅव्हिलियनच्या आधीच दोन विजेतेपदं

यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठाच्या बास्केटबॉलचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, 'पॉली पॅव्हिलियन बांधलं आणि विजेतेपदांची रांग लागली.' साफ चूक. हे स्टेडियम उघडलं १९६५ साली, आणि प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या संघाने १९६४ व १९६५ची एनसीएए (अमेरिकी विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा) विजेतेपदं त्याआधीच खिशात घातली होती. १९६४चा संघ तर तीसच्या तीस सामने जिंकला, तेही पहिल्या पाचांत साडेसहा फुटांचा एकही गडी नसताना! वुडन आले तेव्हाचं जिम तिसऱ्या मजल्यावरचं, कोंदट. सरावाआधी फरशी ते स्वतः पुसत. गंमत म्हणजे पॉलीतल्या पहिल्याच हंगामात विजेतेपद हुकलं. लू अल्सिंडर, म्हणजे पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने गाजलेले खेळाडू, तेव्हा प्रथम वर्षाला असल्याने मुख्य संघात खेळू शकत नव्हते. वुडन यांची पुढची आठ विजेतेपदं मात्र पॉलीच्याच काळातली.