बोर्डगेम पुरस्काराचा परीक्षक व्हायचंय? फॉर्म, पात्रता, कागदपत्रं सगळं एका जागी

चार दिवस झाले, फोन अन् मेसेज एकाच गोष्टीचे यायलेत, परीक्षक व्हायला काय लागतं, फॉर्म कधी सुरू होतो, आधार द्यावंच लागतं का. प्रत्येकाला वेगळं सांगून जीभ दुखायली, म्हणून इथं एकदाच लिहितो. जरा लांब होईल पण फॉर्म भरायच्या आधी वाचा, नंतर "हे माहीत नव्हतं" चालणार नाही.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. आपला ग्रुप मराठवाड्यात तयार झालेल्या किंवा मराठीत नियम छापलेल्या टेबलावरच्या गेमांना पुरस्कार देतो, बोर्डगेम, पत्त्यांचे गेम अन् ते रोलप्लेइंगवाले, म्हणजे ज्यात आपण एखादं पात्र होऊन गोष्ट खेळतो. मोबाईलवरचे नाहीत, कॅरम-बुद्धिबळ नाही. बक्षीस म्हणजे हिमरू शाल अन् प्रशस्तीपत्र. परीक्षक पाच, वर एक राखीव. मानधन शून्य, फक्त मिटिंगला यायचं एसटी भाडं मिळतं, तेही तिकिटावर छापलेलं असेल तेवढंच. बायकांना अर्धं तिकीट असतं अन् पंच्याहत्तरीच्या पुढं फुकट, तरी मागच्या वर्षी सगळ्यांना फुल भाडं धरलं अन् हिशोबाची पार वाट लागली. तिकीट जपून ठेवा, फोटो चालेल.

आता मागच्या वर्षीचं सांगतो, कारण यंदाचे निम्मे नियम त्याच्यातून आलेत. निकाल लागल्यावर सगळे डबे परत आले, मी अन् आमचा एक दोस्त मोजत बसलो होतो. एका परीक्षकाच्या खोक्यातून एक डबा निघाला, वरचं प्लास्टिक जसंच्या तसं, किमतीचा स्टिकरसुद्धा हललेला नाही. म्हणजे डबा उघडलाच नव्हता! अन् त्या गेमला साहेबांनी दहापैकी साडेसहा मार्क दिलेले. सहा नाही, सात नाही, साडेसहा. शेऱ्यात लिहिलेलं, "प्रयत्न चांगला, चित्रं अजून बरी हवी होती." माणूस वाईट नव्हता हो, घरात पुतणीचं लग्न निघालं अन् वेळ मिळाला नाही, नाही म्हणायची लाज वाटली. आम्ही ते मार्क रद्द केले, बाकी चौघांची सरासरी धरली, गेम बनवणाऱ्या पोराला बोलवून सांगितलं. पण निकाल तोवर जाहीर झाला होता अन् त्या पोराचं तोंड मला अजून आठवतं.

म्हणून पहिला प्रश्न वेळेचा. फॉर्मच्या पहिल्याच पानावर आहे अन् तिथं गडबडीत टिक मारू नका. हिशोब असा की साधारण वीस गेम येतात, प्रत्येक निदान दोनदा खेळायचा, मांडणी धरून एका डावाला तास, झाले चाळीस तास. नियम वाचायला प्रत्येकी अर्धा तास धरा, दहा तास अजून. एकूण पन्नास, अन् दहा आठवडे मिळतात, म्हणजे आठवड्याला पाच तास. शिवाय सोबत खेळायला माणसं तुम्हीच जमवायची. हे सगळं मार्गशीर्षापासून पुढं चालतं, तर शेती असलेल्यांनी तुरीची रास अन् हरभऱ्याची काढणी मोजून घ्या, घरात लग्न ठरायलं असेल तर यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी या, कुणी नावं ठेवणार नाही.

पात्रता

अर्जाच्या दिवशी अठरा पूर्ण पाहिजेत. राहणं किंवा मूळ गाव मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी कुठंही, संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली. नोकरीला पुण्यात असाल तरी चालतं, पण दोन मिटिंगला प्रत्यक्ष यावं लागतं, व्हिडिओ कॉलवरून नाही. शिक्षणाची अट नाही, इंग्रजीची तर अजिबात नाही. मागच्या बारा महिन्यांत निदान पंधरा वेगवेगळे गेम खेळलेले पाहिजेत अन् ते सगळे एकाच जातीचे नकोत. एकाच गेमचे दोनशे डाव टाकलेले काही उस्ताद आहेत आपल्यात, त्यांच्याबद्दल आदर आहे, पण पत्त्यांशिवाय दुसरं काही हातात न घेतलेला माणूस रोलप्लेइंग गेमला मार्क देणार कसे? सलग दोन वर्षं परीक्षक झालेल्यांनी एक वर्ष गॅप घ्यायचा.

कोण चालत नाही, ते पण सांगतो. यंदा स्पर्धेत गेम असणारा, तो छापणारा, त्याची चित्रं काढणारा, तो विकणारा दुकानदार, अन् ह्या सगळ्यांच्या घरातली माणसं. शिवाय आमची छाननी करणारी तिघंजणं. त्यांच्यापैकी मी एक आहे, म्हणून मला "तुम्हीच का होत नाही" विचारू नका.

कागदपत्रं

जास्त काही नाही, पण लोक उगंच घाबरायलेत. वय अन् जिल्हा बघायला एक ओळखपत्र, आधार, मतदान कार्ड, लायसन कुठलंही. आधार देणार असाल तर मास्क केलेलं द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, ते आधारच्या साईटवरून डाऊनलोड होतं. पूर्ण नंबरवालं पाठवलं तर आम्ही परत पाठवतो. निवड झाली की सगळ्यांच्या कॉप्या डिलीट.

दुसरं, खेळवही. वहीच्या पानावर हातानं लिहिली तरी चालते, फोटो काढून पाठवा. गेमचं नाव, साधारण कधी, किती जण होते, कोण जिंकलं, अन् एका ओळीत काय जमलं नाही. ही शेवटची ओळ आम्ही सगळ्यात आधी वाचतो. "मस्त गेम" पंधरा वेळा लिहिलेली वही आली की समजतं गडी खेळला असेल पण बघितलं काही नाही. परभणीच्या एका ताईंनी लिहिलं होतं, "चौथा माणूस नेहमी मागं राहतो, कारण त्याची पाळी येईस्तोवर चांगले पत्ते उचललेले असतात, आम्ही तीनदा जागा बदलून पाहिलं." अशी एक ओळ पुरते.

तिसरं, दोन लहान समीक्षा, तीनशे शब्दांच्या आसपास. एक आवडलेल्या गेमवर, एक न आवडलेल्या. न आवडलेल्यावर लिहिताना कोणाला तो आवडू शकेल हे पण लिहायचं, ते जमत नसेल तर परीक्षकाचं काम अवघड जातं.

चौथं, दोन जणांची नावं जे तुमच्यासोबत खेळलेत, एक ज्याला तुम्ही हरवलंय अन् एक ज्यानं तुम्हाला हरवलंय. हसू नका, दुसऱ्यालाच आम्ही जास्त प्रश्न विचारतो.

पाचवं म्हणजे हितसंबंधाचं पान. साध्या कागदावर सही, बस. बाँड पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही, तहसीलला जायचं काम नाही. मागं एक जण शिक्के मारून, वकिलाची सही घेऊन आला होता अन् आतले रकाने कोरे!

ह्या पानाबद्दल जरा जास्त बोलतो

सोळा सोमवारची कहाणी आठवा. शंकर-पार्वती देवळात सारीपाट खेळायलेत, पार्वती गुरवाला विचारते डाव कोणी जिंकला, गुरव शंकराचं नाव सांगतो, ते खोटं असतं अन् पार्वती त्याला कोडी होशील म्हणून शाप देते. लहानपणी आजी सांगायची तेव्हा गुरवाचा राग यायचा, एवढं खोटं बोलावं का माणसानं. आता वाटतं, अहो तो शंकराच्याच देवळातला गुरव, त्याचं पोट त्याच पिंडीवर, त्याला विचारायचंच कशाला? शाप बिचाऱ्याला लागला, पण त्याला पंच धरणाऱ्याचं पण थोडं चुकलं. (वेरूळला २१ नंबरच्या लेणीत हा सारीपाटाचा डाव कोरलाय, गेलात तर बघा, लोक कैलास लेणं बघून तिथूनच माघारी फिरतात.)

तर ह्या पानावर कोणाचं पोट कुठं आहे तेवढंच विचारलंय. कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. स्पर्धेतल्या कोणाशी नातं आहे का, धंदा आहे का, उसनवारी आहे का, त्यांचा गेम बनत असताना तुम्ही खेळून सूचना दिल्या होत्या का, अन् कोणाशी भांडण आहे का. भांडणाचा रकाना लोक कोरा सोडतात, पण वैरी परीक्षक हा दोस्त परीक्षकाएवढाच घातक.

नात्याचं कुठपर्यंत धरायचं ह्यावर आमच्यात दोन मिटिंगा झाल्या, कारण आपल्याकडं थोडं खोदलं की अर्धा जिल्हा पाव्हणा निघतो. शेवटी ठरलं असं की सख्खे, चुलत, मावस, आते, मामे अन् सासरकडचे सख्खे एवढे धरायचे, त्यांचा गेम स्पर्धेत असेल तर यंदा परीक्षक नाही. त्याच्या पलीकडचा पाव्हणा फक्त लिहून द्यायचा, बाद होत नाही. गेम बनताना खेळून पाहिला असेल तर तेवढ्या एका गेमला मार्क द्यायचे नाहीत, बाकीचे चालतात. दुकानातून डिस्काउंटमध्ये गेम घेतला असेल तर नुसतं लिहा.

लातूरच्या गंजगोलाईकडच्या एका प्रिंटिंगवाल्या दादांनी स्वतःहून लिहून दिलं होतं की स्पर्धेतल्या तीन गेमचे डबे त्यांच्याकडं छापलेत. परीक्षक नाही करता आलं, पण त्यांना आम्ही प्रात्यक्षिकाच्या दिवशी (ते काय असतं ते खाली येईल) मदतीला बोलावलं. लिहून दिलेलं निस्तरता येतं, लपवलेलं नंतर निघालं तर नाव कट अन् पुढचे दोन वर्षं अर्ज नाही.

निवड कशी होते

जगात हे काम वेगवेगळ्या तऱ्हेनं चालतं. जर्मनीतला श्पील देस यारेस, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात भारी गेमचा पुरस्कार, १९७९ पासून आहे, १९९५ ला कटान अन् २००१ ला कार्कासोन ह्या बोर्डगेमांना तोच मिळाला. तिथं परीक्षक म्हणजे गेमवर लिहिणारे समीक्षक, गेम बनवणारा-विकणारा त्यात बसत नाही, काम बिनपगारी, अन् जिंकलेल्या डब्यावर लाल मोहऱ्याचा लोगो छापायची जी फी कंपन्या भरतात त्यातून संस्थेचा खर्च निघतो. अमेरिकेतले रोलप्लेइंगचे एनी अवॉर्ड्स २००१ पासूनचे, तिथं पाच परीक्षक लोकांच्या मतानं निवडतात, ते नामांकनं काढतात अन् विजेता पुन्हा लोकांच्या मतांवर ठरतो. अन् गेमच्या क्षेत्रातल्या चांगल्या कामासाठी डायना जोन्स नावाचा पुरस्कार आहे, त्याच्या समितीत तर बहुतेकांची नावंच गुप्त.

आपल्याकडं गुप्त ठेवायचं म्हणलं की संध्याकाळपर्यंत टपरीवर माहीत होतं, त्यामुळं तो मार्ग बंद. निव्वळ मतदान घेतलं तर ज्याचे व्हॉट्सॲप ग्रुप जास्त तो निवडून येतो, अन् आमच्यासारख्या चार टाळक्यांनी बसून ठरवलं तर दोस्तमंडळीच भरली म्हणणार, अन् खोटं म्हणणार नाहीत. म्हणून मिसळ केलीय.

आधी छाननी. तुमच्या फॉर्मवरचं नाव झाकून नंबर टाकतात, ते काम चौथाच माणूस करतो, आम्ही तिघं वही अन् समीक्षा वाचून पास-नापास ठरवतो. मग पास झालेल्यांचं प्रात्यक्षिक संभाजीनगरला, एका रविवारी. कधी न पाहिलेला गेम हातात देतात, अर्धा तास वाचायला, मग तीन अनोळखी लोकांना शिकवून एक डाव खेळायचा अन् शेवटी मार्क कारणासकट लिहून द्यायचे. जिंकलात की हरलात ते आम्ही लिहूनच घेत नाही. अडलं तर तुम्ही नियमावली उघडता का मनानं नियम ठोकून देता, नियम सापडला नाही तर "हे इथं लिहिलेलं नाही" म्हणता का, अन् शेऱ्यात लिहिलेलं मार्काशी जुळतं का, हे बघतो. एका पोरानं हरल्यावर गेमला तीन मार्क दिले अन् कारणं मात्र सगळी चांगली लिहिली, त्याला त्यातच उत्तर मिळालं.

प्रात्यक्षिकात पास झालेल्यांमधून तीन जण ग्रुपचे मेंबर मतदानानं निवडतात, दोन जण अन् राखीव चिठ्ठीनं. सरपंचाच्या आरक्षणाची सोडत असते तशी, बरणीत चिठ्ठ्या टाकून लहान लेकराच्या हातानं, सगळ्यांसमोर. मग सात दिवस हरकतींसाठी. हरकत लेखी अन् नावानिशी द्या, तुमचं नाव बाहेर जाणार नाही, पण निनावी आली तर वाचणार पण नाही.

निवडून आल्यावर

मार्क चर्चेच्या आधी लिहून बंद पाकिटात द्यायचे. आधी चर्चा केली की मोठ्यानं बोलणारा एकटाच पाच परीक्षकांचं काम करून जातो. मार्कासोबत प्रत्येक डावाची तारीख अन् सोबत खेळलेल्यांची नावं, अधूनमधून आम्ही त्यांना फोन लावणार. डबे तुमचे नाहीत, निकालानंतर ग्रुपच्या कपाटात जमा होतात, सोंगट्या मोजून. गेमवाल्यांचा चहा पण नको, अन् चुकून घेतलाच तर लिहून कळवा. मध्येच वेळ मिळेना झाला तर लगेच सांगा, राखीव माणूस त्यासाठीच बसवलाय.

फॉर्म कोजागिरीला सुरू होतो. शेवटची तारीख मागं "तुळशीच्या लग्नापर्यंत" लिहिली होती, तर एकादशी धरायची का पौर्णिमा यावर तीन दिवस भांडणं झाली, म्हणून यंदा सरळ कार्तिकी पौर्णिमा रात्री बारा. निकाल गुढीपाडव्याला. फॉर्म चार पानांचा आहे, सही दुसऱ्या अन् चौथ्या पानावर, दुसऱ्या पानावरची दर वर्षी निम्म्या लोकांची राहून जाते.