'चोवीस तास पाणी' कुठून आले? पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेची पार्श्वभूमी

पुणे महापालिकेच्या प्राधान्यक्रमात वर्षानुवर्षे वरच्या रांगेत असलेली आणि तितकीच रखडलेली योजना म्हणजे समान पाणीपुरवठा. बोलण्यात ती 'चोवीस तास पाणी' म्हणूनच ओळखली जाते. आवाका ८२ साठवण टाक्या, दीड हजार किलोमीटरच्या आसपास जलवाहिन्या आणि पाणी मोजणारे अडीच-तीन लाख मीटर एवढा. पाणी कमी पडते म्हणून ती आखली गेली असा अनेकांचा समज आहे. खरे कारण वाटपातले आहे.

पाणी आणणे पुण्याला पूर्वीपासून जमलेले आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत दगडी भुयारी नळ आणला गेला. पंपाचा प्रश्नच नव्हता, सगळा प्रवाह उतारावर. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवले होते. त्यांतून नळातली हवा बाहेर पडे आणि आत उतरून गाळही काढता येई. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे त्याच जाळ्यातली. पाणी हौदापर्यंत येई, घरी न्यायचे ते घागरीने.

इंग्रजी अमदानीत, १८७९च्या सुमारास खडकवासला धरण उभे राहिले आणि शहर मुठेच्या पाण्यावर आले. १२ जुलै १९६१ रोजी काम पुरते न झालेले पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही गेले. पेठांमध्ये पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले होते; लोक पुन्हा विहिरींकडे आणि कात्रजच्या हौदांकडे वळले. पुढे दोन्ही धरणे नव्याने बांधली गेली, वरसगाव आणि टेमघरची भर पडली. आजची साठवण क्षमता अशी: वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७, एकूण २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट). हे सगळे पाणी पुण्याचे नाही. दौंड-इंदापूरची शेती याच धरणांच्या कालव्यावर आहे, त्यामुळे पाणी कुणाला किती हे ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीची बैठक आली की दरवर्षी तोच वाद.

जलसंपदा खात्याशी झालेल्या करारातला पुण्याचा वाटा ११.५ टीएमसी होता. म्हणजे रोजचे सुमारे ८९ कोटी लिटर. माणशी १५० लिटर धरले तरी जवळपास ५९ लाख लोकांना पुरावे. प्रत्यक्षात महापालिकेने त्याहून बरेच जास्त पाणी उचलले, तरीही टोकाच्या सोसायट्या टँकरवरच राहिल्या. पाणी मुरते कुठे, याचे उत्तर जमिनीखाली आहे.

शहर वाढत गेले तशी जुनीच लाइन पुढे ओढली गेली. टाकी भरणाऱ्या मुख्य वाहिनीवरच वाटेत जोडण्या दिल्या गेल्या, त्यामुळे टाकी कधी पूर्ण भरत नाही. मग भागाभागाने चावी सोडायची. टाकीजवळच्या आणि सखल भागाला भरपूर, उंचावरच्या आणि टोकाच्या घरांना थेंबथेंब. तिथले लोक नळाला थेट मोटर लावतात आणि शेजाऱ्याचा उरलासुरला दाबही ओढून घेतात. चावी बंद झाली की वाहिनी रिकामी होते, आतला दाब उतरतो आणि सांध्यातून बाहेरचे पाणी आत शिरू शकते. शेजारून ड्रेनेज जात असेल तर पहिल्या धारेला वास येतो. 'गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने' ही पुणेकरांची पाठ झालेली बातमी त्याच दुखण्याची: रिकाम्या वाहिन्या भरायच्या, अडकलेली हवा काढायची, यातच अर्धा दिवस जातो.

योजनेने शहराचे १४१ झोन पाडले. प्रत्येक झोनला पाणी एकाच जागेतून, तिथे प्रवाहमापक. बाकी सीमा व्हॉल्व्हने बंद. रात्री दोन ते चारच्या दरम्यान वापर जवळजवळ थांबतो, त्या वेळी मापकावर दिसणारा प्रवाह बहुतांशी गळतीचा. मग एकेक गल्ली बंद करत गळती कुठे आहे ते शोधायचे. त्याआधी शून्य दाब चाचणी: झोनचे पाणी तोडले की आतला दाब शून्यावर यायला हवा. येत नसेल तर नकाशात नसलेली एखादी जुनी जोडणी शेजारच्या भागातून पाणी देते आहे. हीच मोठी अडचण, कारण पेठांखाली कुठून काय गेले आहे याचा पक्का नकाशा नाही. त्यात वरून सिमेंटचे रस्ते झालेले, म्हणजे खोदाईची परवानगी आणि खर्च दोन्ही वाढले.

पैशांची गोष्ट वेगळीच. जून २०१७ मध्ये महापालिकेने या योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे कर्जरोखे काढले. मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली, कौतुकही झाले. त्याच वर्षी चढ्या दराच्या निविदा रद्द कराव्या लागल्या आणि काम सुरू होण्याआधीच व्याज सुरू झाले. निविदा पक्की होईपर्यंत रोखे थांबवता आले असते, असे आमचे मत.

मीटरना विरोध झाला तो बिलाच्या भीतीने. घरगुती पाणीपट्टी अजून मिळकतीच्या करपात्र रकमेवर ठरते, वापरावर नाही. बसलेला मीटर त्यामुळे फक्त आकडे गोळा करतो. पाण्याची उधळपट्टी करणाऱ्याला त्याची झळ बसत नाही.

दरम्यान हद्द वाढली: २०१७ मध्ये ११ गावे, २०२१ मध्ये आणखी २३. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा नांदेड गाव परिसराला विहिरीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता, नुसते क्लोरिन टाकून दिले जाते हे सगळ्यांसमोर आले. पाणी गढूळ असेल तर क्लोरिन त्या गाळावरच खर्ची पडते, आणि नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवे ते उरत नाही. या गावांसाठी क्रम ठरलेला आहे: आधी शुद्धीकरण केंद्र, मग टाक्या, मग झोन आणि सर्वांत शेवटी मीटर. शहराची योजना आखली गेली तेव्हा ही २३ गावे हद्दीत नव्हती.