स्पर्धानोंदींवरून घोड्याची पारख

स्पर्धानोंदींवरून घोड्याची पारख : घोडा कोणत्या स्पर्धांत, कोणत्या स्वाराखाली उतरला आणि तिथे त्याचे काय झाले, हे वाचून तो घ्यावा की नाही, केवढ्याला घ्यावा आणि घेतल्यावर कशावर मेहनत करून घ्यावी, हे ठरवण्याची पद्धत. शर्यतीच्या घोड्यांत ती जुनी आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजचा घोडेबाजार आणि पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेतला जनावरांचा बाजार यांमुळे जनावरांची देवघेव मोठी. तरी घोड्याचा सौदा इथे अजून बहुतांशी नजरेवरच होतो.

बाजारात गिऱ्हाईक आधी जबडा उघडून दात पाहते, मग अंगावरचे भोवरे. गळ्यावरचा देवमण शुभ; नको त्या जागचा भोवरा म्हणजे खोड, आणि खोड निघाली की भाव पडला. मग पंचकल्याणी, नुकरा, अबलख हे रंग, मारवाडी-काठेवाडी जनावराच्या आत वळलेल्या कानांची टोके, उंची. शेवटी चाबुकस्वार रवाल, म्हणजे स्वाराला धक्का न देणारी चाल काढून दाखवतो. यातले दात आणि चाल खरोखर उपयोगाचे. भोवऱ्यावरून घोडा उडी मारील की नाही, हे मात्र कळत नाही. गंमत अशी, की हाच शेतकरी दुभती गाय घ्यायला गेला तर दोन वेळची धार समोर काढून पाहिल्याशिवाय विसार देत नाही. स्पर्धानोंद ही घोड्याची धारच. फक्त ती आपण नसताना, परक्या माणसांनी, अनेक दिवस मोजलेली असते.

अशा नोंदी सगळ्यांत नेटक्या मिळतात त्या थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांच्या. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या पुण्या-मुंबईतल्या शर्यतींत मागच्या धावा, अंतर, पाठीवरचे वजन, जॉकी असे सारे छापील असते. अश्वारोहणाच्या खेळांत आंतरराष्ट्रीय महासंघ (स्थापना १९२१) नोंदणीकृत घोड्यांचे निकाल खुले ठेवतो.

नोंद वाचताना क्रमांकापेक्षा फोड महत्त्वाची. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) भारताचा स्वार फवाद मिर्झा आणि त्याचा घोडा सेन्योर मेडिकॉट इव्हेंटिंगमध्ये तेविसावे आले. इव्हेंटिंग म्हणजे तीन टप्प्यांची स्पर्धा : रिंगणातल्या शिस्तबद्ध चाली (ड्रेसाज), मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड (क्रॉसकंट्री) आणि शेवटी दांड्यांच्या अडथळ्यांवरून उड्या. ‘तेविसावा’ एवढ्यावरून खरेदीदाराला काही कळत नाही आणि शिकवणाऱ्यालाही नाही. या खेळात दंडाचे गुण मोजतात, म्हणजे कमी तितके चांगले. ड्रेसाजमध्ये दंड २८.००; क्रॉसकंट्रीत ११.२०, तोही निव्वळ वेळेचा, म्हणजे दर सेकंदाला ०.४ या हिशेबाने २८ सेकंद उशीर. अडथळ्यांच्या पहिल्या फेरीत ८ आणि अंतिम फेरीत १२.४०, एकूण ५९.६०. एक दांडा पडला की ४ गुणांचा दंड होतो, हे लक्षात ठेवले की घोड्याची जातकुळी उलगडू लागते : रिंगणात शांत, रानात न अडणारा, गुण गेले ते दांड्यांवर. मात्र ही एकाच स्पर्धेची गोष्ट. आधीच्या निकालांतही शेवटच्या दिवशीच दांडे पडलेले दिसले, तर दमसास आणि थकल्यावरची उडी यांवर काम करायचे. तसे दिसले नाही, तर एका दिवसासाठी चांगली शिकवण मोडायची नाही. याच घोड्यावर फवादने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २६.४० गुणांवर वैयक्तिक रौप्य मिळवले होते.

अनुभवी वाचक विजयांच्या आधी मोकळ्या जागा पाहतो. आठ-दहा महिने घोडा कुठेच उतरला नाही, हे का? ‘माघार’ आणि ‘बाद’ या शेऱ्यांत कधीकधी पहिल्या क्रमांकापेक्षा जास्त मजकूर असतो. लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स स्पर्धेत तर लंगडल्यामुळे बाद आणि शरीर न सावरल्यामुळे बाद अशा वेगळ्या नोंदी होतात. पहिला घोडा वैद्याकडे न्यायचा, दुसऱ्याची मेहनत, पाणी, खाणे तपासायचे. आयर्लंडमधील इक्विरेटिंग्ज ही कंपनी मागच्या क्रॉसकंट्री फेऱ्यांवरून घोडा त्या पातळीला कितपत तयार आहे, हे हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांत सांगते.

आपल्याकडची अडचण नेमकी इथेच आहे. सारंगखेड्यासारख्या यात्रांत चालीच्या, नाचाच्या स्पर्धा होतात. मालकाच्या ओसरीवर ढाल लागते, फोनमध्ये चित्रफीत राहते. पण ती ढाल किती वेळा उतरून मिळाली, समोर किती घोडे होते, हे लिहिलेले नसते. हरलेले दिवस गाळले की उरते ती जाहिरात. शिवाय यश घोड्याचे की स्वाराचे, हा प्रश्न राहतोच. निष्णात चाबुकस्वाराच्या मांडीखाली चाललेले जनावर नवशिक्याच्या हाती तसेच चालेल असे नाही. दोन-तीन स्वारांखालचे निकाल मिळाले तरच काही म्हणता येते.

हवामानाचेही तसेच. पुण्याचा शर्यतींचा हंगाम पावसाळ्यातला. त्या गारव्यात, हिरवळीवर नोंदलेली वेळ सोलापूरच्या ४० अंशांपुढच्या चैत्रात, मुरमाड जमिनीवर लावून पाहणे व्यर्थ. म्हणून इथल्या मालकाने स्वतःची वही ठेवलेली बरी : तारीख, जमीन, ऊन, स्वार, अंतर आणि नाडी. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. एन्ड्युरन्समध्ये पुढे जायला ती ठरलेल्या वेळात ६४पर्यंत उतरावी लागते. त्याच रस्त्यावरच्या त्याच दौडीनंतर ती उतरायला दर आठवड्याला जास्त वेळ लागू लागला, तर घोडा घडत नाही, झिजतो आहे. ही मोजणी घड्याळ आणि बोटे एवढ्यावर होते.

नोंद नसणे हा मात्र दोष नव्हे. भीमेच्या खोऱ्यात धनगरांच्या वाड्यांबरोबर ओझी वाहत फिरणारे भीमथडी तट्टू कुठल्या मैदानात उतरणार? त्याची पारख त्याच्या पायांवर आणि चालून आलेल्या मैलांवर करावी लागते. पुरंदावडे-सदाशिवनगरच्या गोल रिंगणात धावणाऱ्या माउलींच्या अश्वाला तर प्रतिस्पर्धीच नाही. त्याच्या टापांची माती कपाळाला लावणाऱ्या वारकऱ्याला वेळ मोजायची नसते.

सौद्याच्या दिवशी नोंदीपेक्षा आधी घोडा ओळखावा लागतो. एका घोड्याचा कागद दुसऱ्याला लावणे अवघड नाही. म्हणून पासपोर्टावरचे वर्णन, पांढरे पट्टे आणि मायक्रोचिपचा क्रमांक समोरच्या जनावराशी ताडून पाहायचा, ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला मागायचा, पायांची वैद्यकीय तपासणी करून घ्यायची, आणि मगच विसार द्यायचा.