शेजारच्या टेबलाचा पगार

‘एकमेकांचे पगार कळले की मनं कलुषित होतात, झाकलेलेच बरे,’ असं सर्रास म्हटलं जातं. यात तथ्य किती, हे कॅलिफोर्निया विद्यापीठात चक्क प्रयोग करून तपासलं गेलं. तो प्रयोग मला फार आवडतो.

२००८ साली ‘सॅक्रमेंटो बी’ या वृत्तपत्राने सरकारी नोकरदारांचे पगार आपल्या संकेतस्थळावर टाकले. नाव टाका, पगार पाहा. विद्यापीठाचे कर्मचारीही त्यात होते. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ही संधी साधली.

‘संकेतस्थळ पाहिलंत का? नोकरीत समाधानी आहात का?’ एवढं विचारून भागत नाही. जो मुळात नाराज, तोच आधी दुसऱ्याचा पगार शोधतो. मग पगार पाहून नाराजी आली, की नाराजीमुळे पगार पाहिला? हा गुंता सुटावा म्हणून त्यांनी जणू चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली. निवडलेल्यांना ईमेलने संकेतस्थळाची माहिती दिली, बाकीच्यांना दिली नाही. काही दिवसांनी दोन्ही गटांना तेच प्रश्न. चिठ्ठीने गट पडले की आधीपासूनचे नाराज दोन्हीकडे साधारण सारखेच येतात. त्यामुळे नंतर दिसणारा फरक ईमेलच्याच खात्यावर मांडता येतो.

आता मध्यक लक्षात घ्या. एका विभागातल्या सारखं काम करणाऱ्या नऊ जणांचे पगार चढत्या क्रमाने लावले, की पाचवा तो मध्यक. ईमेल मिळालेल्यांपैकी जे मध्यकाच्या खाली होते, त्यांचं पगाराबद्दलचं आणि नोकरीबद्दलचं समाधान घटलं, दुसरी नोकरी शोधायचा विचार बळावला. वरच्यांचं समाधान मात्र वाढलं नाही! मानसशास्त्रज्ञ जॉन स्टेसी अ‍ॅडम्स यांच्या समन्यायाच्या सिद्धान्तानुसार माणूस ‘मिळकत भागिले मेहनत’ हे गुणोत्तर शेजाऱ्याच्या गुणोत्तराशी ताडून पाहतो. पण वरचा माणूस आपली मेहनतच जास्त धरत असावा, म्हणून त्याचा हिशेब आधीच जुळलेला असतो, असं मला वाटतं.

कर्मचारी कुरकुरले की सकारात्मक विचारांची कार्यशाळा भरवणं किंवा वास्तुशास्त्राप्रमाणे दार फिरवणं, हे निव्वळ थोतांड आहे. त्याने ते गुणोत्तर तसूभरही हलत नाही.

आपल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरची शिक्षिका आणि पूर्णवेळ प्राध्यापक एकाच स्टाफरूममध्ये डबा उघडतात. एकाची वेतनश्रेणी आणि दुसरीचा तासाचा दर, दोन्ही शासन निर्णयांत छापलेले असतात. इथे प्रयोग करायचा म्हटलं, तर ईमेल न मिळालेला गट आणायचा कुठून?