निट्स पॅनलचे की डोळ्यापर्यंतचे?

डिस्प्लेवाल्या (काचेतच पडदा दिसणाऱ्या) चष्म्यांची एजन्सी घ्यायला निघालेला जळगाव-धुळ्याकडचा जो तो भाऊ एकच आकडा तोंडपाठ करून येतो: दहा लाख निट्स (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप)! आकडा खोटा नसतो. मायक्रोएलईडीची पॅनलं, म्हणजे सूक्ष्म दिव्यांचे इवलेसे पडदे, तेवढी उजळ असतात, त्याहूनही जास्त. पण तो आकडा चष्म्याचा नसतो.

मोबाइलचे निट्स सगळ्यांना कळतात. तिथे आपण थेट पॅनलकडेच बघतो, म्हणून पॅनलचा आणि डोळ्यापर्यंतचा आकडा जवळपास सारखाच. घोळ इथेच होतो. चष्म्यात पॅनल फ्रेमच्या कोपऱ्यात दडलेलं असतं. त्याचा प्रकाश काचेत, म्हणजे वेव्हगाइडमध्ये शिरतो, आतल्या आत आपटत पुढे जातो आणि डोळ्यासमोर थोडाथोडा बाहेर पडतो. डोळा जरा हलला तरी चित्र दिसत राहावं म्हणून हा प्रकाश मोठ्या जागेवर पसरवावा लागतो. काही समोरच्या माणसाकडेही सांडतो. बारीक नॅनो-रेघांच्या वेव्हगाइडमध्ये डोळ्याला मिळतो शंभरातला एखादा भाग, पुष्कळदा तेवढाही नाही. दहा लाखांचे काही हजार उरतात.

तेवढे पुरतात का? सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ७९९ डॉलरला विक्रीस आलेला ‘मेटा रे-बॅन डिस्प्ले’ कमाल ५,००० निट्स देतो. भर उन्हातला पांढरा कागद २५,००० च्या आसपास भरतो. पारदर्शक काच मागच्या उजेडावर प्रकाश चढवू शकते, मागचा उजेड पुसू शकत नाही. म्हणूनच त्याला उन्हात गडद होणाऱ्या काचा दिल्यात. केळीच्या बागेतल्या सावलीत अक्षरं लख्ख दिसतील. फुटलेल्या कपाशीच्या शेतात दुपारी तीच अक्षरं शोधत बसाल.

सिनेमा बघायचे, अर्ध्या आरशाचे (थोडा प्रकाश परतवणाऱ्या, थोडा आरपार सोडणाऱ्या काचेचे) चष्मे, एक्सरियल कंपनीच्यासारखे, निराळे. त्यांत प्रकाश कमी वाया जातो, पण बाहेरचं जग अंधारतं. बस स्टँडवर खुशाल घाला, मोटारसायकलवर नाही.

मला चीड येते ती ट्यूबलाइटखालच्या डेमोची. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून मे महिन्यात बारा वाजता चष्मा घालून बाहेर या आणि पांढऱ्या भिंतीकडे बघा. पुरवठादाराला विचारा: पूर्ण पांढरं चित्र लावल्यावर डोळ्याजवळ किती निट्स? उत्तरात पुन्हा पॅनलचाच आकडा आला, तर मी एक रुपया ॲडव्हान्स देणार नाही.